आमच्या दारापुढची वरात

दादा अहिराणी गाणी लिहायचा आणि भडगावच्या एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. नवं कडवं तो कागदावर पक्कं करत नसे, वरातीत गाऊन बघायचा. पोरं कशावरही नाचतात, म्हणून त्याचं लक्ष ओट्यांवर बसलेल्या बायांकडे असे. त्या तोंडाला पदर लावून हसल्या तर कडवं राहायचं, नाहीतर पुढच्या गावी पोचेपर्यंत बदललेलं असायचं.

त्याचं एक गाणं धुळ्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं आणि खानदेशभर वाजलं. मोबाइलवर त्याच्या व्हिडिओत गायकाचा चेहरा दिसतो. दादाचं नाव खाली, बारीक अक्षरात. मी शाळेत ग्रंथपाल. त्याच्या एकाही वरातीत गेलो नाही. गोंगाट सोसत नाही म्हणायचो. "तुन्हा पुस्तकवर कोनी नाचस का रे?" म्हणून तो हसायचा. मग गावोगावी डीजे आले, बँडच्या सुपाऱ्या कमी झाल्या, आणि गेल्या लग्नसराईत यकृताच्या आजारानं तो गेला.

नववा दिवस होता. दुखवट्याला, दारावर बसायला माणसं आली होती. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला बँड ऐकू आला. दादाचाच बँड आणि तेच गाणं. दुःखाच्या घरापुढे वाजवायचं नाही, असा बँडवाल्यांचा रिवाज. आमच्या घराच्या अलीकडे बँडमास्तरांनी हात वर केला आणि पहिल्या कडव्यातच सगळं थांबलं. दुसरं कडवं वहिनींवर होतं. नव्या नवरीनं सासऱ्याच्या चहात मीठ घातलं, त्याची गंमत.

वहिनी आतून उंबऱ्यापर्यंत आल्या.

"भाऊ, कसाले बंद करी दिनं त्यासनी?"

"आपल्याकडे दुःख आहे म्हणून, वहिनी."

"यासनंच गानं शे ना ते. वाजाडा म्हना."

नाना, आमचे चुलते, माझ्या शेजारी बसले होते. खाली बघतच म्हणाले, "सुतक शे बेटा. लोके काय म्हनतीन?"

मास्तर टोपी काढून माझ्याकडे बघत उभे होते. मी नुसती मान हलवायची होती. मी नानांकडे बघितलं, आणि मग सतरंजीकडे बघत राहिलो.

घोडा, नवरदेव, करवल्या, सगळे गुपचूप पुढे गेले. नवरदेवाला काय करावं कळेना. त्यानं घोड्यावरूनच वहिनींना हात जोडले. कोपऱ्यावर वळल्यावर गाणं पुन्हा सुरू झालं. आमच्यापर्यंत फक्त ढोल पोचला, शब्द नाहीत. वहिनी तरी तिथंच कान देऊन उभ्या होत्या. ढोलही ऐकू येईनासा झाल्यावर आत गेल्या.

नाना रागावले असते तर दोन दिवस रागावले असते.

वहिनी मला अजून जेवायला वाढतात, भाजी कशी झाली विचारतात. पण त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं नाही.