नग एक, काळा, घडीचा

माझी आत्या बस डेपोत 'हरवले-सापडले' विभाग चालवते. विभाग म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि आत्या. बसमध्ये लोक जे विसरतात ते सगळं तिच्याकडे येतं. डबे, चष्मे, एकेकटे बूट, एकदा तर अख्खी कवळी. आत्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधते आणि मालकाची वाट बघते. ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली आहे, की घरी आजोबा आरामखुर्चीत दहा मिनिटं डुलले, तरी मनगटाला चिठ्ठी घेऊनच उठतात. 'नग एक. जुना. घोरतो.'

"अगं, बाप आहे मी तुझा!"

"ओळख पटवा," आत्या म्हणते.

पण गेलं वर्षभर एकही मालक खिडकीकडे फिरकला नव्हता. लोक नवी छत्री घेतात, पण जुनीसाठी हेलपाटा घालत नाहीत. एका सकाळी डेपोचे मोठे साहेब आले आणि टेपने खोली मापायला लागले.

"बाई, उद्यापासून इथे टायर. तुम्ही चौकशीच्या खिडकीत बसा."

"आणि माझ्या वस्तू?"

"भंगारात."

आत्या टेपच्या आडवी आली. "साहेब, मालक येतील हो!"

"वर्षात एक तरी आला का? बरं, आज खिडकी बंद होईपर्यंत एक जरी मालक स्वतः आला, वस्तू ओळखून घेऊन गेला, तर टायर माझ्या डोक्यावर ठेवीन!"

दुपार झाली. मालक नाही. आला तो कंडक्टर, धापा टाकत. हातात टोपी, टोपीत चुळबुळ.

"ताई, शेवटच्या सीटखाली सापडलं. गाडी झाडाखाली उभी होती, खिडकीतून आत पडलं असणार."

टोपीत वटवाघळाचं पिल्लू होतं.

"हे वस्तूत धरायचं?" कंडक्टरने विचारलं.

"बसमध्ये सापडलं ना? मग धरायचं."

"अहो, पण लिहिणार काय?"

आत्याने चष्मा चढवला, लांबूनच पिल्लू न्याहाळलं आणि वहीत लिहिलं: 'नग एक. काळा. घडीचा.'

आता आत्याचा नियम असा, की काळ्या घडीच्या वस्तू छत्र्यांच्या दांडीवर. तिने जाड हातमोजे घातले (हरवलेलेच, दोन्ही डाव्या हाताचे) आणि पिल्लाला अलगद वर नेलं. त्याने दांडी पायांनी घट्ट पकडली, डोकं खाली सोडलं, पंख मिटले. अकरा छत्र्यांत ती बारावी! दोरा पायाला काचेल म्हणून चिठ्ठी तेवढी दांडीला बांधली.

दिवेलागणीला साहेब आले. पहिला टायर स्वतःच गडगडवत आणला होता.

"करा बंद खिडकी."

"अजून पाच मिनिटं आहेत."

तेवढ्यात दांडीवरून चिर्रर्र आवाज आला. साहेब दचकले. "बाई, तुमची छत्री बोलतेय."

"मालकाला हाक मारतेय."

"छत्री?"

"हरवलात तर तुम्हीही माराल, तशीच."

आणि खिडकीतून एक भलंमोठं काळं काहीतरी आत घुसलं. साहेब टायरमागे बसले. त्या पाहुणीने खोलीभर एक गिरकी घेतली आणि दांडीला लटकली. पहिली छत्री हुंगली. ही नाही. दुसरी. ही पण नाही. साहेब टायरमागून डोकावले. बाराव्या छत्रीने मात्र उडी मारून तिच्या पोटाला मिठी घातली.

"ओळख पटली!" आत्या ओरडली.

"हा... हा मालक?" टायरमागून आवाज.

"मालकीण. स्वतः आली, वस्तू ओळखली. आता तुमचा शब्द."

"पण सही? सहीशिवाय वस्तू देता येत नाही!"

आत्याने वही उघडून दांडीखाली धरली. मालकीण पिल्लासकट उडाली आणि जाता जाता बरोब्बर रकान्यात टपकन शिटली.

"झाली सही," आत्या म्हणाली. "जपून हां साहेब, ओली आहे."

साहेबांनी वहीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि 'चालू द्या तुमचा विभाग' असं पुटपुटत जे सुटले, ते टायर तिथेच विसरून.

आत्याने दोरा उचलला. 'नग एक. काळा. गोल.'

मालक अजून आलेला नाही.