खिडकीतलं दहावं तोंड

बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी सकाळपासून मी माणसं मोजत होतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमच्यात मुलाने वडिलांसाठी कदिशची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष हजर लागतात. नऊ नाही चालत. भिवंडीत आम्ही असून असून किती असणार? कल्याण, ठाण्याहून माणसं गोळा करायची, त्यात वाटेत कोनला ट्रॅफिक जाम. माझ्यासकट कसेबसे दहा जमत होते. अकरावा कोणी नव्हता.

आणि त्या दहांत मामा आणि दादा, दोघंही हवेच होते. मामा आईचे धाकटे भाऊ, दादा माझा चुलतभाऊ. निवडणुकीपासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मामांचं म्हणणं, आपण मूठभर माणसं, आपल्यासाठी दिवस वाईट आहेत, सगळ्यांनी एकाच बाजूला मत टाकायचं, तीच आपली एकी. दादा भिवंडीत लूमचे पार्ट विकतो, बहुतेक गिऱ्हाईक मुसलमान. तो म्हणाला, "मी वेगळं मत दिलं म्हणून यहुदी उरत नाही का मामा?" मामांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला गद्दार म्हटलं. झालं, तुटलं सगळं!

भीती मलाही वाटते. इस्राएलच्या लढाईच्या बातम्या लागल्या की मी टीव्हीचा आवाज बारीक करतो. पण त्या दिवशी आपल्याच माणसांची वाटली तेवढी भीती परक्यांची कधी वाटली नव्हती. बाबा सांगायचे, जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातल्या धुपात एक घाण वासाचा पदार्थही घालत, तो वगळला तर धूप बाद. दहांची जमातही तशीच, त्यात निवडानिवड नाही.

हे सगळं माहीत असून मी केलं काय? खोटं बोललो. मामांना सांगितलं, दादा नाही येणार, दुसरा माणूस मिळालाय. दादालाही मामांबद्दल तेच. वाटलं, समोरासमोर आले की लाजेकाजेने बसतील. मूर्ख कुठला!

दुपारी चारला मामा आमच्या घराच्या दारात आले, आत जमलेल्या माणसांत दादा बसलेला.

"मला फसवलंस?" मामा माझ्यावर कडाडले.

आई मध्ये पडली. "अरे, तुझ्या भावोजींसाठी तरी!"

"त्यांच्यासाठीच आलो होतो ताई. पण याच्याबरोबर एका छपराखाली उभा राहणार नाही." आणि गॅलरीत जाऊन चपला घालायला लागले. दादा भिंतीकडे बघत बसला होता.

प्रार्थना चालवणारे म्हातारे हजान तेवढे शांत होते. म्हणाले, "थांबा. बाहेर उभा राहून खिडकीतून तोंड दाखवणारा माणूसही दहात धरता येतो. आपला नियमच आहे तसा."

मामा घुटमळले. मग गॅलरीच्या खिडकीशी येऊन त्यांनी गज धरले. "उरका लवकर."

आम्ही पश्चिमेला, जेरुसलेमकडे तोंडं केली. खिडकी पाठीमागे राहिली. शेजारच्या गाळ्यात लूम खडखडत होते. दुपारची प्रार्थना झाली आणि शेवटी माझी पाळी आली. मागे वळून बघावं असं किती वाटलं! पण मामा नसतील तर? तर मला तोंड मिटावं लागलं असतं. मी न बघताच म्हणायला लागलो. "आमेन" येत होते, पण त्या खडखडाटात किती जणांचे ते कळेना.

संपल्यावर वळलो. खिडकी रिकामी. खाली धावलो, रस्त्यावरही मामा नव्हते.

हजान म्हणाले, "कदिश सुरू होताना होते ना? मग मध्ये गेले तरी चालतं."

"होते का?" हे दादाने विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

ते फक्त मामांना माहीत आहे, आणि मामा माझा फोन उचलत नाहीत.