सासूबाईंचा आजार मी लपवला

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत मोटारींच्या कारखान्यात जन्म गेला. शाळा चौथीपर्यंतच. इंग्रजी कारखान्यातच शिकलो, म्हणून हॉस्पिटलात बायकोच्या वतीनं मीच बोलायचो. ती गेली, आणि आता ते बोलणंच मला खातंय.

आधी तिच्या छातीत गाठ निघाली. ती काढली, बाई बरी झाली. मग आजार घराण्यातून आलाय का बघायला, जीन तपासायला रक्त द्यायचं ठरलं. कार पार्कात ती म्हणाली, "अहो, आईचं आणि मावशीचं सांगायचं ना?" दोघी कॅन्सरनंच गेलेल्या. मी म्हणालो, "तोंड बंद ठेव. पोरीसाठी स्थळं बघतोय. इथल्या अख्ख्या मराठी मंडळात बोभाटा होईल." आत नर्सनं विचारलं, माहेरी कुणाला कॅन्सर? मी म्हणालो, "नो. नोबडी."

रिपोर्ट आला. जीनमध्ये एक बदल आहे, पण तो घातक की साधा, सांगता येत नाही. मी खूश. काही वर्षांनी तिच्या ओव्हरीत कॅन्सर निघाला. बदल घातक असं तेव्हाच ठरलं असतं, तर ओव्हरी वेळेवर काढून टाकता आल्या असत्या.

स्थळ तर जुळलंच नाही. पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं. जावयानं कुणाच्या आजाराचं विचारलंसुद्धा नाही.

पोरगी मँचेस्टरला कॉम्प्युटरवर हेच काम करते, माणसांचे जीन अक्षर न् अक्षर ताडून बघायचे. गेल्या रविवारी चहा पिताना म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटर फक्त अंदाज देतो. मम्मीसारखा बदल असलेल्या फॅमिलीत कोण कोण आजारी पडलं, ते पण लागतं. आपल्या लोकांचा डेटा आधीच कमी. त्यात मम्मीच्या साइडला कोणीच नाही, म्हणून तिचा बदल घातक की साधा, ते अजून अडकलंय."

मी कप खाली ठेवला. "होत्या. तुझी आजी आणि तिची बहीण. मी लपवलं. तुझ्या लग्नासाठी."

"माझ्या? मला विचारलंत तरी का?"

ती उठली, सिंकपाशी पाठ करून उभी राहिली. आता कोट घालून निघेल असं वाटलं. ती कागद-पेन घेऊन आली. वंशावळ मांडायला माणसामागे एक असे गोल काढले. आजी, मावशीआजी, मम्मी, तिन्ही गोल काळे केले. खाली एक रिकामा ठेवला.

"हा कुणाचा?"

"माझा. मला पण टेस्ट करायचीय. आजारी पडली तेव्हा आजी किती वर्षांची होती? नीट सांगा."

"बेचाळीस. मावशी एकोणचाळीस."

वयं मला तोंडपाठ होती. त्या दिवशी नर्ससमोरही होती.