सहीपुरतं माहेर

गारा पडल्या की सगळा गाव कपाळाला हात लावून बसायचा आणि निवृत्तीनाना घरातल्या गोधड्या उन्हात टाकायचे. दिंडोरी तालुक्यातल्या त्या गावात मी तलाठी म्हणून नवीनच गेले होते. नुकसानीचा पंचनामा करायला नानांच्या बांधावर पोचले, तर आडव्या झालेल्या द्राक्षबागेकडे बघायचं सोडून ते विचारतात कसे, “मॅडम, तिघींच्याबी सह्या लागतील ना? हितं येऊनच कराव्या लागतील ना?” म्हातारा हबकलाय, असंच मला वाटलं.

सातबाऱ्यावर नाना आणि त्यांच्या तीन बहिणी अशी चार नावं होती. जमीन सामाईक असली की सरकारी मदत एकाच्या खात्यावर जमा करायला बाकीच्यांची संमती लागते. गावातल्या बहुतेक भावांनी बहिणींकडून हक्कसोड कधीच लिहून घेतलं होतं. नानांनी घेतलं नव्हतं. लग्न केलेलं नाही, आईवडील गेलेले, घरात बोलायला माणूस नाही. बहिणींची भाऊबीज फोनवर उरकायची, पण सहीला मात्र त्यांना यावंच लागायचं. मी एकदा म्हटलंसुद्धा, “नाना, नावं कमी करून घ्या की. तुमची मदत दर वेळी सगळ्यांच्या मागून येते.”

“येऊ द्या मागून. मला कुठं घाई हाय?”

असा खातेदार मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

थोरली इंदिरानगरहून यायची, मधली कळवणहून आणि धाकटी थेट सुरतेहून. काम पाच मिनिटांचं. पण नाना हळूच मला म्हणायचे, “आधारची झेरॉक्स उद्या दिली तर चालंल ना, मॅडम?” म्हणजे बहिणींचा मुक्काम एक दिवस वाढला. धाकटी ओरडायची, “अरे भाऊ, झेरॉक्स तुझ्या खिशात दिसतेय!” मग चौघंही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. बाग गेलेल्या घरात मीही त्यांच्याबरोबर चहा पीत हसत बसायची.

गेल्या वर्षी अवकाळीनंतर बहिणी आल्या त्या ठरवूनच. थोरलीचे गुडघे धरले होते. “आमच्यापायी भाऊची मदत अडकते, मॅडम. आम्हाला जमीन नको,” ती म्हणाली. तिघींनी हक्कसोडपत्र नोंदवलं आणि दुपारच्या गाडीनं परत गेल्या. चांगुलपणानंच केलं त्यांनी, बोल तरी कुणाला लावायचा? तुम्ही यावं म्हणूनच सातबाऱ्यावर तुमची नावं राहू दिली, एवढं एक वाक्य नानांना काही बोलवलं नाही. नावं कमी करायची नोंद मलाच घालावी लागली. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

यंदा पुन्हा गारा झाल्या. पंचनाम्याला गेले तेव्हा नाना बांधावर एकटेच बसले होते. मी उगाच उत्साहानं म्हटलं, “नाना, यंदा तुमची मदत सगळ्यांच्या आधी. फक्त तुमची सही.”

त्यांनी सही केली.

“बहिणींना कळवलंत का?”

“फोन केलता. म्हनल्या, पैसं येतील वेळेवर, काळजी करू नको.”

मी गाडीकडे निघाले, तसे ते मागोमाग आले. इकडेतिकडे बघून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, येखादीची तरी सही लागती का, बघा ना.”