पांझरेच्या पुलावर आडवी केलेली गाडी

देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका भाऊंचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. तिथे ते छोट्या मोटारसायकली जोडायचे आणि टाकीवर आईचं नाव रंगवायचे. नव्वदच्या सुमारास त्यांनी पेट्रोल सोडलं, एखाद्यानं माळ घालून मटण सोडावं तसं, आणि बॅटरीची गाडी काढली. मग रस्त्यात कोणी किक मारताना दिसला की भाऊ थांबून म्हणायचे, "मार, मार. पेट्रोलना जमाना सरना. आते बठ्ठं बॅटरीवर शे." चहावाल्याच्या स्टोव्हकडेसुद्धा ते दयेनं बघत.

पहिलं गिऱ्हाईक शिरपूरकडचे एक आबा. त्यांना मागे बसवून भाऊ निघाले आणि पांझरेच्या पुलावर गाडी बंद पडली. मी सायकलवर मागेच होतो. भाऊंनी आबांना उतरवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि गाडी हळूच एका अंगावर आडवी केली. पेट्रोल संपत आलं की उरलेले चार थेंब कार्बोरेटरकडे यावेत म्हणून आपण स्कूटर करतो, अगदी तशी. या गाडीला कार्बोरेटरच नव्हता.

मी हसू दाबलं. भाऊंनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

तेवढ्या विसाव्यानं बॅटरीत थोडा जीव आला असावा. गाडी उभी केली आणि ती चालू झाली.

आबा खूश झाले आणि तिथंच गाडी घ्यायला तयार झाले. "लेसू भाऊ हाई गाडी. आडी करी का चालू व्हस."

पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला गाडी देताना भाऊ ती आडवी कशी करायची तेही गंभीरपणे दाखवत.