गाढव नावाचं फोल्डर

शेजारी कुणी सुकट भाजली की मला सुकापूरच्या माझ्या खोलीतला तो रविवार आठवतो. लॅपटॉपवर चालून दुसऱ्याच छोट्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम तयार करणारा कंपायलर मी मोठ्या रुबाबात बिल्ड करत होतो, आणि इन्स्टॉलचा पाथ, म्हणजे तो कुठे ठेवायचा तो पत्ता, म्हणून थेट सिस्टीमचंच फोल्डर देऊन बसलो. मूळच्या फायली गेल्या, लॅपटॉप उठेना. मोरा बंदराजवळ राहणारा माझा ऑफिसातला मित्र दुसऱ्या दिवशी ऑपरेशनसाठी भरती होणार होता, तरी सुकटीची पिशवी घेऊन धावत आला. "पावन्याला खोली नाय दाखवलीस, मंग तो देवघरातच झोपनार ना, गाडवा!" म्हणत त्याने सगळं नव्याने लावलं आणि इन्स्टॉलसाठी वेगळं फोल्डर केलं. त्याला नाव दिलं, 'गाढव'. "आता हा पाथ कंपायलरच्या पोटात गेला, उगाच हलवू नको." मी म्हटलं, "तू बरा होऊन ये, मग तुझं नाव देऊ." तो खो खो हसला. हॉस्पिटलातून तो परत आला नाही. पुन्हा बिल्ड करून नाव बदलता येतं, पण मी बदललेलं नाही. अजूनही प्रोग्रॅममध्ये माझं काही चुकलं की स्क्रीनवर एररच्या आधी त्या पाथातलं 'गाढव' येतं. मला तसं हक्काने म्हणणारं आता दुसरं कुणी नाही.