दर्यातून न परतलेल्या फेऱ्या

आमच्या पूर्णगडात बोट निघते ती कुणाची तरी सोबत धरूनच. आधीच बाहेर असलेल्या एखाद्या बोटीचं नाव सांगायचं, मग निघायचं. गावासाठी मी बोटींचा नकाशा बनवला, तेव्हा ही रीत हौसेने त्यात घातली. प्रत्येक फेरीचं एक ऑब्जेक्ट, म्हणजे तिच्या माहितीचं गाठोडं, आणि त्याच्या 'सोबत' या प्रॉपर्टीत, म्हणजे कप्प्यात, त्या दुसऱ्या बोटीची फेरी. बोट परतली की तिचा ठिपका नकाशावरून जाई.

घरच्या संगणकावर हा नकाशा नारळी पौर्णिमेपासून उघडाच होता. दादा दर्यात असताना तो बंद करायची आईकडे सोय नव्हती. दिवाळीपर्यंत नकाशा रखडायला लागला. आणि नेमका वारा सुटलेल्या दुपारी दादाचा ठिपका जागचा हलेना. आईच्या चुलीपासून पडद्यापर्यंत येरझाऱ्या सुरू झाल्या.

मी मेमरी उघडून पाहिली आणि थक्क झाले. परत आलेल्या सगळ्या बोटी आत तशाच होत्या! नको असलेलं संगणक आपलं आपण झाडून टाकतो, पण ज्याला कुणी धरून ठेवलंय त्याला हात लावत नाही. दादाच्या फेरीने आपल्या सोबतीच्या फेरीला धरलेलं, तिने तिच्या सोबतीच्या, अशी साखळी मागे मागे. नुसतं नाव ठेवलं असतं तरी भागलं असतं. मी शहाणीने अख्खी फेरीच हातात दिली होती. त्या ओझ्याने नकाशा गुदमरला होता. चिडायचं सोडून मी ती साखळी टोकापर्यंत बघत गेले. सगळा हंगाम एकमेकांचा हात धरून उभा होता, आणि अगदी टोकाला बाबांची फेरी. ती त्यांची शेवटची. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि बोट दादाकडे आली.

मी बाबांना बोलावून दाखवलं.

"म्हंजे मी अजून दर्यातच हाय?"

"हो, बाबा."

ते पडद्याजवळ वाकले. "सोड बाय," म्हणाले. "पोराचा ठिपका दिसू दे."

बाहेर असलेल्या बोटींच्या 'सोबत'मध्ये मी फक्त नावं ठेवली. साखळी सुटली, मेमरी झरझर उतरली. दादाचा ठिपका हलला तो थेट खाडीच्या तोंडाशी दिसला.

बाबांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "आला गो!"

मग हळू आवाजात म्हणाले, "मी पन आलो."